डागवाल्या ताईचा नेचा

मला झाडांचं वेड नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ही गोष्ट ऐकली की लोक मला कुंड्या भेट द्यायला लागतात आणि मग त्या मारल्याचं पाप माझ्या माथी येतं. वेड माझ्या ताईला लागलं, आणि तेही वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, लाँड्रीच्या मागच्या खोलीत.

लाँड्री आमची घरचीच. भावोजी बॉयलर आणि इस्त्री सांभाळतात, ताई डाग काढते, आणि मी काउंटरवर बसून पावत्या फाडते व लोकांची बोलणी खाते. नवऱ्याशी पटेना म्हणून बारा वर्षांपूर्वी एक बॅग घेऊन मी ताईकडे चार दिवस राहायला आले होते. ते चार दिवस अजून चालू आहेत.

सगळी गल्ली तिला डागवाली ताई म्हणते. शाई असो, गंज असो, ग्रीस असो, ती कापड उजेडात धरते, वास घेते, नखाने जरासं खरवडते आणि सांगते, 'निघेल.' की निघालाच. 'नाही निघणार' असं ती वर्षातून एखाद्या वेळी म्हणते, आणि मग माणसं तो शर्ट निमूटपणे घेऊन जातात. हे सगळं मागच्या खोलीत, वाफेत. सकाळी ती आत शिरते आणि संध्याकाळी मागच्याच जिन्याने वर घरात जाते. एकतीस वर्षं हेच. गल्लीतली माणसं तिला कपड्यांवरून ओळखू येतात, चेहऱ्यांवरून नाही. एकदा चार दुकानं सोडून बसणारा कुलूपवाला आत आला, तर ताई त्याच्याकडे परक्यासारखी बघत राहिली. मग तिची नजर त्याच्या कॉलरवर गेली आणि तिने लगेच त्याच्या सासूच्या गुडघ्याची चौकशी केली.

त्या खोलीला एक खिडकी आहे. खिडकीबाहेर जेमतेम दोन हातांचं अंगण आणि समोर विटांची जुनी भिंत. ऊन तिकडे फिरकत नाही, आणि बॉयलरचा पाइप बारा महिने ठिबकतो. त्या भिंतीच्या सांध्यांत एक फर्न होता. त्याला मराठीत नेचा म्हणतात हे मला पुढे कळलं. काळ्याभोर तारेसारखा बारीक देठ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शर्टाच्या बटणांएवढी गोल पानं, अशी वीतभर लांबीची शंभरएक पाती विटांमधून लोंबत होती. कुणी तो लावला नव्हता. हिवाळ्यात अंगणातल्या बादलीत बर्फाची पापडी धरायची आणि हा आपला हिरवागार.

ताईचा त्याच्यावर जीव होता. तिच्या हातात येणारी प्रत्येक वस्तू नंबर लावून येते आणि तिसऱ्या दिवशी परत जाते. न जाणारा एवढाच एक. खिडकीतून ती त्याला गिऱ्हाइकांच्या कागाळ्या सांगायची. मी सुरुवातीला समजत होते, माझ्याशीच बोलतेय, आणि काउंटरवरून ओ देत होते.

तर एका रविवारी तिने सहज एक पातं उलटं केलं आणि तिला मागच्या बाजूला डाग दिसले. तपकिरी, ओळीने, प्रत्येक गोल पानामागे चार-सहा. मी तेव्हा तिथेच होते. ताईचा चेहरा एकदम धंद्यावरचा झाला. तिने वास घेतला, नखाने खरवडलं आणि सांगितलं की पाइपाचा गंज उडालेला दिसतोय, निघेल.

मग तिने कॉलरचा सगळ्यात मऊ ब्रश घेतला, कोमट पाण्यात दोन थेंब साबण टाकला, आणि एकेक पातं तळहातावर घेऊन मागून घासलं. शंभरच्या शंभर. पुढच्या रविवारी पुन्हा थोडे डाग, पुन्हा ब्रश. अंगणाची मोरी तुंबलेली असायची, त्यामुळे ते तांबूस पाणी बादलीत भरून, सगळं दुकान ओलांडून, पुढच्या पायरीखालच्या विटांच्या गटारात ओतायचं काम कुणाकडे आलं असेल हे सांगायला नको. दीड वर्ष मी दर रविवारी ती बादली वाहिली आणि दर रविवारी कुरकुरले. भावोजींनी एकदा भीत भीत म्हणून पाहिलं की हा झाडाचा काही रोग तर नसेल. ताईने त्यांना सांगितलं की रोग असो नाहीतर आणखी काही, तिच्या खिडकीसमोर डाग राहणार नाही.

मग ती भिंत पोटातून फुगली. पलीकडे पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरची वखार आहे. त्याने गवंड्याला बोलावलं, गवंड्याने भिंतीवर हातोडीने टकटक केलं, कान लावला आणि निदान केलं की ही भिंतबाई आता कधीही बॉयलरवर बसेल. दीड महिन्यात पाडून नवी बांधायची. भावोजींनी मान डोलावली, कारण बॉयलरपुढे त्यांना काही सुचत नाही. ताईने एवढंच विचारलं की नेचा आधी काढून घेता येईल का. गवंडी वाईट माणूस नव्हता. त्याने पटाशी घेऊन एक जुडगा सोडवून पाहिला, पण मुळं चुन्यात इतकी घुसलेली की हातात भुगा आला. कुंडीत खोचलेला तो भुगा पुढे तीन आठवड्यांत वाळला.

त्या आठवड्यात ताईने तीन माणसांना 'नाही निघणार' म्हणून परत पाठवलं. त्यातला एक डाग साध्या चहाचा होता. हिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं काय आहे, हा हिशेब मी तोवर कधी केलाच नव्हता. एक वाफेची खोली, एक भित्रा भला नवरा, एक फुकटची बहीण, आणि तो नेचा. आता त्यातून नेचा वजा होणार होता.

आमच्याकडे दर पंधरवड्याला एक हिरवा कोट धुवायला येतो. सार्वजनिक बागेत नेच्यांचा एक थंड, सावलीचा कोपरा आहे, तो सांभाळणाऱ्या बाईंचा. उंच, हाडकुळ्या, खिशात सुतळी आणि माती. त्या दिवशी त्या कोट टाकायला आल्या तेव्हा मी त्यांची बाहीच धरली आणि त्यांना मागे खिडकीपाशी नेलं. नेचा बघून बाई खूश झाल्या. म्हणाल्या, फार काटक जात आहे, थंडीला दाद देत नाही. मुळासकट निघत नसला तरी हरकत नाही, आपण नवीन करू. नेच्याला फूल नाही, बी नाही, त्याचं सगळं पानाच्या मागे असतं.

"मागे तपकिरी ठिपके आलेत का, एवढंच मला सांगा," त्या म्हणाल्या.

"एकसुद्धा नाही," ताई अभिमानाने म्हणाली. "मी दर रविवारी ब्रशने काढते."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसल्या. त्यांचे खांदे हलायला लागले आणि आधी मला वाटलं की त्यांना उबळ आली. त्या हसत होत्या. डोळे पुसत त्यांनी सांगितलं की ते ठिपके म्हणजे बीजाणूंच्या पुड्या, एका ठिपक्यात शेकड्यांनी, आणि त्यांच्या सबंध नोकरीत नेच्याचा वंश असा स्वच्छ धुऊन टाकणारं माणूस त्यांना भेटलं नव्हतं. ताईचा चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट झाला. तिने हळूच विचारलं, सगळेच गेले का.

मग जी धांदल उडाली तिला तोड नाही. भावोजींनी पडवीतली शिडी आणली, शिडी अंगणात उघडेना, म्हणून ती भिंतीला तिरकी टेकवून ते वर चढले. ताईने त्यांचा एक पाय धरला, मी दुसरा. पाइपाच्या मागे, ताईचा हात कधीच पोचला नव्हता अशा जागी, एक पातं होतं. त्याच्यामागे ठिपके होते. भावोजी वरून 'आहेत, आहेत' म्हणत इतके हलले की आम्ही तिघंही भिंतीसकट बाइंडरच्या वखारीत जाणार होतो. बाई खिडकीतून, सावकाश, कात्रीने, अशा सूचना देत होत्या.

ते पातं पावतीबुकाच्या कोऱ्या कागदात घडी घालून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलं तर कागदावर तपकिरी धूळ, चिमूटभरही नाही. ताई श्वास रोखून बघत होती. ह्या एवढ्या धुळीवर आता सगळं होतं.

बाईंनी कृती सांगितली होती. माती चाळायची, तिच्यात दुसरं काही उगवू नये म्हणून उकळतं पाणी ओतायचं, गार झाली की धूळ वरून टिचकीने भुरभुरायची, वर माती घालायची नाही. मग झाकण लावून सावलीत, पण उजेडात ठेवायचं आणि उघडायचं नाही. आता उकळत्या पाण्यावर ताई थोडीच भागवणार. तिने मातीला तीनदा वाफ दिली. डबा म्हणजे बटणं ठेवायचा पारदर्शक डबा, त्यालाही वाफ. झाकणाला वाफ. भावोजी मध्ये आले, त्यांच्या बाहीला वाफ. एवढं करून तिने खोलीतल्या मोठ्या टेबलावर डबा ठेवून, कागद दोन बोटांत धरून, ती धूळ पेरली.

दहा दिवसांनी भिंत पाडली. ताई त्या दिवशी खिडकी लावून घेऊन काम करत होती. मी काहीतरी विनोद करायला गेले आणि मलाच रडू आलं.

मग वाट बघणं. डबा जिन्याच्या खिडकीत ठेवला होता आणि ताई कारण नसताना दिवसातून वीस वेळा जिना चढायची. सात आठवडे काळी माती. आठव्या आठवड्यात एका सकाळी वरून असा आवाज आला की भावोजींनी बॉयलर बंदच केला. आम्ही धावत गेलो. मातीवर हिरवट झाक होती. मला ती शेवाळासारखी दिसली, पण मी जीभ आवरली.

त्या दिवसापासून आमचं सगळ्यांचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. ताई ब्रश मारता मारता गायला लागली, आणि ताईचा गळा असा आहे की गिऱ्हाइकं विचारायची, मशीन बिघडलंय का. भावोजी इस्त्रीच्या दोन शर्टांमध्ये जिना चढून यायचे आणि 'आज जरा जास्त हिरवं आहे' असं खाजगी आवाजात मला सांगून जायचे. आणि मी, जिला झाडांचं काही पडलेलं नाही, त्याच आनंदात बँकेतल्या साहेबांना बाइंडरच्या बायकोचा नाइटगाउन बांधून दिला. त्यांनी तो दोन दिवसांनी परत आणला. मधल्या काळाबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नाही.

हिरव्या झाकेच्या पुढे मसुरीएवढ्या पातळ पापुद्र्या झाल्या, प्रत्येकीला मधे खाच. बाई भिंग घेऊन बघायला आल्या आणि म्हणाल्या, आता खरी वेळ आली. हा अजून नेचा नव्हे. ह्या पापुद्रीच्या पोटात नर आणि मादी दोन्ही असतात, आणि नराला मादीपर्यंत पोहत जावं लागतं. तेव्हा उकळून गार केलेलं पाणी वरून हलकेच फवारायचं, म्हणजे त्यांची भेट होईल. ताईचे कान लाल झाले. भावोजींनी हातातली इस्त्री स्टँडवर ठेवली.

"म्हणजे ह्यांना आता एकांत हवा," ते गंभीरपणे म्हणाले.

पाणी फवारल्यावर त्यांनी डब्यावर स्वतःचा कडक इस्त्रीचा रुमाल घातला आणि दोन दिवस जिन्यावरून जाताना ते मान वळवून जायचे. पुढच्या खेपेला बाईंनी रुमाल पाहिला आणि उजेड अडवल्याबद्दल त्यांना चांगलंच झापलं. पण तोवर काम झालं असावं, कारण थंडी सरताना पापुद्र्यांच्या खाचेतून एकेक इवलं पान उभं राहिलं, टोकाशी गुंडाळलेलं. ताईला आकाश ठेंगणं झालं. तिने काडीने एकेक रोप उचलून चहाच्या कागदी कपांत लावलं. त्र्याहत्तर झाली. जिना, मोरी, वरच्या घराच्या खिडक्या, माझ्या पलंगाखालची जागा, सगळीकडे कप. प्रत्येकाला लाँड्रीचा नंबर टाचलेला, फक्त तारखेची जागा कोरी.

वर्षभर ती वाढली. कपातून डब्यात, डब्यातून कुंडीत. एव्हाना पानं चांगली हातभर लांब आणि पिसासारखी झाली होती. मला थोडी शंका यायची, पण ताई म्हणायची की भिंतीत बिचाऱ्याला खायला काय मिळत होतं, इथे सुटलाय. पुढचा हिवाळा सरायच्या बेतात असताना बाई आल्या. बरेच महिने त्या नुसता कोट टाकून जात होत्या. ताईने त्यांना ओढतच वर नेलं. बाईंनी एक पान हातात घेतलं, उलटं केलं, दुसऱ्या कुंडीतलं घेतलं, तिसऱ्या.

"ताई, हा तो नाही," त्या म्हणाल्या. "हा माझ्या बागेतला आहे."

कुणालाच कळेना. मग बाईंनीच विचारलं की धूळ पेरली कुठे. मोठ्या टेबलावर, ताई म्हणाली. तिथे एरवी काय करता? कोट झटकते. आणि तो कोट बाईंचा, पंधरवड्याला एकदा, नेच्यांच्या कोपऱ्यातून थेट आलेला, खिशात, शिवणीत, कॉलरखाली बागेतल्या नेच्यांची धूळ भरलेला. ताईने जगातल्या प्रत्येक गोष्टीला वाफ दिली होती, फक्त त्या टेबलाला नाही. बागेतले दांडगे नेचे आधी उगवले आणि त्यांनी भिंतीतल्या बारक्याला डोकं वर काढू दिलं नाही.

मला वाटलं ताई आता कोसळणार. ती एका कुंडीकडून दुसरीकडे बघत गेली. मग तिने विचारलं, म्हणजे तो गेला का. बाई म्हणाल्या, ह्या डब्यात तरी नव्हता. ताई जिन्याच्या पायरीवर बसली आणि एकदा नाक शिंकरून म्हणाली की ह्यांना पाणी घालायची वेळ झाली. तिने त्र्याहत्तर कुंड्यांना पाणी घातलं, एकीलाही कमी नाही. मला तिचा त्या क्षणी इतका अभिमान वाटला आणि इतका राग आला, बाईंचा, कोटाचा, सगळ्या वनस्पतीसृष्टीचा, की मी खाली येऊन पावतीबुक आपटलं.

काउंटरपुढे गल्लीची सफाईवाली उभी होती. तिच्या हातात खरवडायची लोखंडी पट्टी. ती माझ्याहून तापलेली. म्हणाली की तुमच्या पायरीपासून वळणापर्यंत गटाराच्या विटांतून हे काय माजलंय, दरवेळी वरवर खरवडते तरी पुन्हा येतं, आज मुळापासून काढणार, नंतर तुमच्या पायरीचा चुना निघाला म्हणून ओरडू नका. आणि तिने पुरावा म्हणून मुठीतलं काउंटरवर ठेवलं.

काळी तार. बटणांएवढी गोल पानं.

मी तिला हातानेच थांब म्हटलं आणि 'ताई' अशी हाक मारली. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, ताई जिना उतरून, मागच्या खोलीतून, काउंटरच्या फळीखालून वाकून, ओल्या एप्रनवर थेट रस्त्यावर आली. मागे भावोजी, मागे बाई. पायरीखाली वाकून पाहिलं तर गटाराच्या सावलीतल्या प्रत्येक ओल्या सांध्यात तो होता. आमच्या पायरीखाली, शिंप्याच्या पुढे, कुलूपवाल्याच्या पुढे तर झुंबड, आणि तिथून उताराने वळणापर्यंत. दीड वर्षाच्या रविवारांचं पाणी. माझ्या बादल्या. मी दर आठवड्याला कुरकुरत तो पेरत होते, आणि एकदाही खाली वाकून पाहिलं नव्हतं.

ताई गुडघ्यांवर गटाराकाठी सरकत चालली होती आणि मोजत होती. हसत होती, रडत होती, मधेच आकडा चुकून पुन्हा मागे येत होती. दुकानदार बाहेर आले. शिंप्याला वाटलं, हिची अंगठी पडली, तोही वाकून शोधायला लागला. त्याचं बघून आणखी दोघं. बाई गटारात भिंग धरून 'अहाहा' म्हणत होत्या. सफाईवाली पट्टी कमरेला लावून आम्हा सगळ्यांकडे वेड्यांच्या इस्पितळाकडे बघावं तशी बघत होती. तिला समजवायला अर्धा तास लागला, आणि शेवटी ती दोन मोठ्या कुंड्या आणि ताईचा शब्द घेऊन कबूल झाली की गटार तुंबलं तर ताई स्वतः साफ करील. बाकीच्या कुंड्या मग पायरीपायरीवर गेल्या. ज्याच्यापुढे नेचा, त्याला एक कुंडी आणि हात न लावण्याची अट.

भावोजी पटाशी घेऊनच आले. म्हणाले, एक तरी घरी नेऊ, तुझ्या खिडकीपाशी नव्या भिंतीत बसवू. बाईंनी ताईकडे पाहिलं. भुग्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. ताईने भावोजींच्या हातातून पटाशी काढून घेतली.

"राहू दे त्यांना इथेच," ती म्हणाली. "मीच येत जाईन."

आता ती रोज तीनच्या सुमाराला स्टूल घेऊन जाते आणि कुलूपवाल्याच्या दुकानापुढे बसते. पहिल्या दिवशी पाच मिनिटं बसली आणि उजेडात डोळे मिचकावत परत आली. आता उठायला संध्याकाळचे साडेपाच वाजतात. लोक तिथेच तिला डाग दाखवतात. कुणाची सून कशी आहे, कुणाचा गुडघा कसा आहे, हे तिला आता चेहऱ्यासकट माहीत आहे. आत वाफेत मी आणि भावोजी डागांशी झोंबतो आणि निम्मे बिघडवतो. काल एक गिऱ्हाईक शाई लागलेला शर्ट घेऊन आलं आणि माझ्या हाती तो द्यायलाच तयार होईना. मी पायरीवर जाऊन ताईला हात केला. तिनेही तिथूनच हात केला, आत्ता नाही म्हणून, आणि सफाईवालीशी पुढे बोलायला लागली. मी परत काउंटरवर आले आणि त्या माणसाला म्हणाले, ताई बाहेर गेल्यात. बारा वर्षांत हे वाक्य मी कधी बोलले नव्हते. त्याला नीट ऐकू आलं होतं, तरी मी ते आणखी एकदा बोलले.